पहिला खेळ आणि ‘सार्वजनिक’ नावाचा शब्द

चित्रपटाचा इतिहास सांगणारी आपल्याकडची बहुतेक पुस्तके एका तारखेने सुरू होतात. २८ डिसेंबर १८९५, पॅरिस, ग्रां कॅफेचे तळघर, ल्युमिएर बंधू. मग ७ जुलै १८९६, मुंबई, वॉटसन हॉटेल. मग ३ मे १९१३, गिरगाव, कॉरोनेशन, ‘राजा हरिश्चंद्र’. या तीन तारखा विद्यार्थी पाठ करतात, स्पर्धा परीक्षेत लिहितात, आणि इतिहास समजला असे मानतात. या तारखा खोट्या नाहीत. परंतु त्यांच्याबरोबर तीन शब्द येतात, ‘पहिला’, ‘शोध’ आणि ‘सार्वजनिक’, आणि ते कोणी तपासून पाहत नाही. दलित समीक्षेने आजवर कथा, कविता, आत्मकथन आणि नाटक यांची उलटतपासणी केली. पडद्याच्या इतिहासाची उलटतपासणी मात्र अजून बरीचशी बाकी आहे. या लेखात तेवढाच एक प्रयत्न आहे.

प्रथम ‘शोध’ हा शब्द घेऊ.

चलच्चित्र पडद्यावर फेकण्याचे यंत्र एका माणसाने एका दिवशी शोधले, असे कुठेही घडलेले नाही. लुई ल प्रिन्स याने १८८८ साली इंग्लंडातील लीड्स येथे हलती चित्रे टिपली. १८९० मध्ये आगगाडीच्या प्रवासात तो नाहीसा झाला आणि त्याचे कामही मागे पडले. एमिल रेनो याने १८९२ साली पॅरिसमध्ये हाताने रंगवलेल्या चित्रांची पट्टी पडद्यावर हलवून दाखविली. एडिसनचा किनेटोस्कोप १८९४ मध्ये बाजारात आला. पण ती पेटी होती, तिच्या भोकाला डोळा लावून एका वेळी एकानेच पाहायचे. बर्लिनमध्ये स्क्लाडानोव्स्की बंधूंनी १ नोव्हेंबर १८९५ रोजी, म्हणजे ल्युमिएरांच्या जवळजवळ दोन महिने आधी, तिकीट लावून खेळ केला. एडिसनच्या नावाने २३ एप्रिल १८९६ रोजी न्यूयॉर्कमध्ये गाजलेला व्हायटास्कोप मुळात जेन्किन्स आणि आर्मट या दोघांच्या खटपटीतून निघालेला होता. एडिसनचे नाव लावले तर माल खपेल, म्हणून ते लावले गेले. कारागिराचे हात एकाचे आणि नाममुद्रा दुसऱ्याची, हा व्यवहार आपल्या गावगाड्याला नवा नाही. अमेरिकेत तो पेटंटाच्या आणि भांडवलाच्या जोरावर झाला, आपल्याकडे जातीच्या जोरावर होत आला, एवढाच फरक.

ल्युमिएरांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. त्यांचे यंत्र हलके होते. तेच चित्र टिपी, तेच छापी आणि तेच पडद्यावर फेकी. शिवणयंत्रात कापड जसे क्षणभर थांबते आणि पुढे सरकते, तशी पट्टी थांबवत-सरकवत नेणारी आकड्याची योजना हे त्यांचे मोठे काम. तरीही त्यांनी पहिल्यांदा काय टिपले, हे पाहण्यासारखे आहे. लिऑनच्या त्यांच्या स्वतःच्या कारखान्याचे फाटक उघडते आणि कामगार, त्यात बायका पुष्कळ, बाहेर पडतात. मालकाचे यंत्र, मालकाचे फाटक, आणि चौकटीत कामगार. या दृश्याच्या तीन आवृत्त्या उपलब्ध आहेत, म्हणजे कामगारांना मालकासाठी पुन्हा पुन्हा बाहेर पडावे लागले. मालकांची नावे जगाला ठाऊक आहेत. फाटकातून बाहेर पडणाऱ्या बायकांची नावे इतिहासाने विचारली नाहीत. श्रमिक हा चित्रपटाचा पहिला विषय ठरला, चित्रपटाचा कर्ता मात्र ठरला नाही.

त्या कारखान्यात काय तयार होत होते? फोटोच्या काचा. काचेवर किंवा पट्टीवर प्रकाश धरून ठेवणारा जो थर असतो, तो जिलेटिनचा. १८७१ साली मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने ही रीत सुचवली आणि तिच्यावर पुढचा सगळा फोटोचा व चित्रपटाचा धंदा उभा राहिला. जिलेटिन कशाचे करतात? जनावरांची कातडी आणि हाडे उकळून. १९२५ साली कोडॅकच्या प्रयोगशाळेत असे आढळले, की गुरांनी खाल्लेल्या मोहरीसारख्या वनस्पतींतले गंधकयुक्त द्रव्य जिलेटिनात उतरते आणि त्यामुळे तो थर प्रकाशाला अधिक जागा होतो. म्हणजे पडद्यावर देव प्रकट होवो की नायिका हसो, ते चित्र मेलेल्या जनावराच्या हाडाकातड्याच्या पातळ थरावर उमटलेले असे.

आपल्या समाजात हाड आणि कातडे यांना हात लावणारा तो अस्पृश्य. मेलेले ढोर ओढणे हे महाराचे सक्तीचे काम, कातडे कमावणे हे ढोर-चांभाराचे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी ही घाण कामे टाकून देण्याचे आवाहन केले. त्याच काळात त्याच द्रव्याच्या पट्टीवर पौराणिक मूकपट निघत होते, आणि सोवळे पाळणारा प्रेक्षक पडद्यावरच्या कृष्णाला हात जोडत होता. कातडे यंत्रात गेले, रसायन झाले, परदेशातून डब्यात बंद होऊन आले, की त्याचा विटाळ संपतो. ते सोलणाऱ्या माणसाचा विटाळ मात्र संपत नाही. विटाळ वस्तूत नसतो, माणसाला खाली ठेवण्याच्या गरजेत असतो, याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

आता ‘सार्वजनिक’ या शब्दाकडे वळू. माझ्या मते सगळ्या वादाचे मूळ तेथे आहे.

पॅरिसच्या त्या पहिल्या खेळाला एक फ्रँक देऊन तेहतीस माणसे आली होती. पैसे भरून येणारा कोणीही आत येऊ शकत होता, म्हणून तो सार्वजनिक. मुंबईत ल्युमिएरांचा माणूस मारियस सेस्टिए ऑस्ट्रेलियाला जाता जाता उतरला आणि त्याने वॉटसन हॉटेलात, म्हणजे आजच्या काळा घोड्याजवळच्या एस्प्लनेड मॅन्शनमध्ये, सहा छोट्या पट्ट्या दाखविल्या. तिकीट एक रुपया. तेथे नेटिवांना मज्जाव करणारी पाटी होती की नव्हती, यावर लोक हिरीरीने वाद घालतात. तो वाद गौण आहे. मजुराची दिवसाची कमाई आण्यांत मोजली जात होती त्या काळात एक रुपया हीच पाटी होती. आठवड्याभराने, १४ जुलैपासून, खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले. तेथे पुढे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दर लावण्यात आले आणि पडदानशीन बायकांसाठी वेगळी सोय ठेवण्यात आली. दर उतरला, दरवाजा रुंद झाला. परंतु दरवाज्यातून कोण गेले?

हा प्रश्न नवा नाही. ज्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी तो शब्दापासूनच विचारला होता. पुण्यात १८७० साली ‘सार्वजनिक’ नावाची सभा निघाली. तिच्यात शूद्र-अतिशूद्र शेतकरी किती, हे जोतीरावांनी पाहिले आणि त्या नावातला पोकळपणा दाखवून दिला. त्यांनी आपल्या अखेरच्या ग्रंथाला ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे नाव दिले आणि तो त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा सार्वजनिक म्हणजे सर्व जनांचे, ही फोड आपल्याला चित्रपट येण्यापूर्वीच मिळालेली होती. चित्रपटाच्या इतिहासकारांनी मात्र तो शब्द सभेच्या अर्थाने वापरला, जोतीरावांच्या अर्थाने नाही.

१९२३ साली सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाल्याचे जाहीर झाले. कागदावरचा तो ठराव पाण्यापर्यंत नेण्यासाठी महाड घडवावे लागले. पुढे २६ जानेवारी १९५० पासून संविधानाच्या अनुच्छेद १५ ने दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांच्या जोडीला सार्वजनिक करमणुकीच्या जागाही नाव घेऊन खुल्या केल्या. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने असा मज्जाव गुन्हा ठरवला. संविधानकारांना करमणुकीच्या जागेचा वेगळा उल्लेख का करावा लागला? जे दार उघडेच असते, त्याच्यावर कलम लिहावे लागत नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, की भारतात चित्रपटाचा पहिला खेळ १८९६ चा खरा, पण पहिला सार्वजनिक खेळ कोणता, हे ठरवायचे असेल तर सुरुवात १९५० पासून करा.

वॉटसनच्या त्या सहा पट्ट्यांत एक होती आगगाडी येण्याची. गाडी येते, थांबते, माणसे उतरतात. जगभरच्या प्रेक्षकांनी या दृश्याचे कौतुक केले. त्याच १८९६ साली पाच वर्षांचा भीमराव साताऱ्यात होता. पुढे १९०१ मध्ये तो घरातल्या मुलांबरोबर कोरेगावी वडिलांना भेटायला निघाला. त्या मुलांनी आगगाडी प्रथमच पाहिली होती. गाडी मसूर स्टेशनावर आली, थांबली, मुले उतरली. अंगात नवे कपडे, खिशात पैसे. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करू लागला, आणि जात कळताच मागे सरकला. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडीवानाने पायी चालायचे आणि बैल मुलांनी हाकायचे, या अटीवर गाडी मिळाली. रात्रभर जवळ अन्न होते, पण पाणी मिळाले नाही. ‘व्हिसाच्या प्रतीक्षेत’ या आत्मकथनात बाबासाहेबांनी ही हकिकत सांगितली आहे.

या दोन आगगाड्या शेजारी ठेवून पाहा. ल्युमिएरच्या पट्टीत उतरणारा प्रत्येक जण फक्त प्रवासी आहे. यंत्राला जात दिसत नाही, म्हणून आधुनिकता आली असे आपण समजतो. मसूरच्या फलाटावर तेच इंजिन, तेच रूळ, तिकीटही तेच; पण गाडीतून उतरलेला प्रवासी फलाटावर पाऊल ठेवताच महार होतो. यंत्र येण्याने समाज आपोआप नवा होत नाही, हे मसूरने १९०१ सालीच सिद्ध केले. आधुनिकतेच्या या देशी पट्टीचे चित्रण त्या काळच्या कोणत्याही कॅमेऱ्याने केले नाही. ते एका अस्पृश्य मुलाच्या स्मरणाने केले. दलित आत्मकथन या वाङ्मयप्रकाराचे मोल मला येथे दिसते. जेथे कॅमेरा गेला नाही, तेथे ते गेले.

कॅमेरा भारतीयाच्या हाती आल्यावर काय झाले? सावेदादा भाटवडेकरांनी इंग्लंडहून यंत्र मागवून १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती टिपली. पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी, अशी मल्लांची नावे सांगितली जातात. आमच्या सातारा-सांगलीकडे कुस्ती हा जिवाभावाचा विषय, म्हणून हे वाचताना बरे वाटते. नंतर लक्षात येते, की एका मल्लाचे नाव त्याच्या जातीच्या धंद्यासकट आले आहे. १९०१ मध्ये सावेदादांनी केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांचे स्वागत टिपले. देशी चलच्चित्राच्या उगमापाशी असे दोन नायक उभे आहेत, एक अंगबळाचा आणि एक बुद्धीचा, आणि बुद्धी कोणाकडे व अंगबळ कोणाकडे ही वाटणी जुनीच आहे.

मग येतात दादासाहेब फाळके. त्यांच्या चिकाटीबद्दल शंका नाही. विमा पॉलिसी गहाण टाकणे, १९१२ मध्ये लंडनला जाऊन यंत्र आणणे, घरातच कारखाना काढणे, हे सोपे नव्हते. सरस्वतीबाई अंधारात पट्टीला भोके पाडत, रसायने कालवत आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही करीत. बायका पडद्यावर यायला तयार नसल्याने उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाने तारामतीची भूमिका केली. १८ मे १९१२ ला दाखवलेला तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ पहिला की ‘राजा हरिश्चंद्र’ पहिला, हा वाद अजून चालतो. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या २००९ च्या चित्रपटाने फाळक्यांचा हा खटाटोप प्रसन्नपणे रंगवला. मीही तो हसत पाहिला. परंतु या सगळ्यांत एक प्रश्न कोणीही विचारत नाही. हरिश्चंद्राची कथाच का, आणि त्या कथेत डोंब कशासाठी आहे?

आख्यानात राजा राज्य गमावतो, बायको-मुलाला विकतो, आणि अखेर डोंबाच्या घरी चाकर होऊन स्मशान राखतो. सत्त्वपरीक्षेची ही शेवटची पायरी. म्हणजे माणूस जास्तीत जास्त किती खाली जाऊ शकतो, याचे माप डोंबाचे घर. राजाचे डोळे पाणावतात, प्रेक्षकाचे पाणावतात, देव प्रकट होतो आणि राजा पुन्हा सिंहासनावर बसतो. डोंब तेथेच राहतो. राजाची काही काळची परीक्षा हे त्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे आयुष्य असते. त्याच्या सत्त्वाची परीक्षा कोणी घेत नाही, कारण त्याला सत्त्व असू शकते हेच कथेला मान्य नाही. विशेष म्हणजे कथेत राजाला काम देणारा, पोटाला घालणारा तो डोंबच. त्याचे माणूसपण कथेच्या हाताशी होते. आख्यानाने ते उचलले नाही आणि आख्यान निवडणाऱ्यालाही ते दिसले नाही. देशी चित्रपटाने आपला पहिला करुण रस आमच्या घराच्या किळसेतून काढला, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

दक्षिणेकडे मल्याळम भाषेत याहून उघड घडले. १९३० च्या सुमारास ‘विगतकुमारन’ या पहिल्या मल्याळम मूकपटात पी. के. रोझी या दलित स्त्रीने नायर स्त्रीची भूमिका केली. खेळाच्या वेळी सवर्ण प्रेक्षक खवळले, पडद्यावर दगड आले, आणि रोझीला गाव सोडून परागंदा व्हावे लागले. पहिल्या नायिकेला पहिल्या खेळात जागा नाही. ‘सार्वजनिक’चा हा अर्थ पुस्तकांनी तळटीपेतही फार उशिरा घेतला.

आमच्या भागाचा विचार केला, तर सांगलीला ‘पहिल्या’चा अभिमान जुना आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी संस्थानिकांच्या आश्रयाने ‘सीता स्वयंवर’ केले आणि मराठी रंगभूमीची जन्मतारीख ठरली. १८५५ साली जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ लिहिले. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले, आणि ते छापून लोकांसमोर यायला १९७९ उजाडले. दरबारात झाले ते पहिले, आणि शेतकऱ्याच्या फसवणुकीवर बोलले ते सव्वाशे वर्षे कपाटात. चित्रपटातही हीच तऱ्हा. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला. कथा ना. ह. आपट्यांची, म्हणजे कोरेगावात राहणाऱ्या लेखकाची. पुराणे सोडून शेतकरी पडद्यावर आला ही मोठीच गोष्ट, आणि तिचा मान ठेवला पाहिजे. पण जमीन गेलेल्या कुणब्याचे दुःख पडद्यावर आले, ज्याला जमीनच नव्हती तो महार चौकटीच्या बाहेर राहिला. त्यासाठी वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांना लेखणी धरावी लागली. ‘वैजयंता’, ‘फकिरा’, ‘वारणेचा वाघ’ यांचे चित्रपट झाले. वारणेकाठचा मांग नायक म्हणून पडद्यावर उभा राहिला. लेखक मात्र १९६९ मध्ये गोरेगावात हलाखीत गेला. कथा पडद्याला चालते, कथाकार चालत नाही.

येथे काही मित्र आक्षेप घेतात. ते म्हणतात, पुसेगाव, म्हसवड, पाल, खरसुंडीच्या जत्रांत तमाशाच्या फडाशेजारी सिनेमाचा तंबू लागे, तेथे तिकीट सर्वांना सारखे, जमिनीवर सारे एकत्र बसत आणि अंधारात कोण कोणाची जात पाहतो? सिनेमाने जे केले, ते शंभर व्याख्यानांनी झाले नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. देवळात जे मिळाले नाही, ते तंबूत काही आण्यांना मिळाले. तिकीट ही जातीला दिलेली पहिली हूल होती, आणि आमच्या लोकांनी ती आनंदाने दिली. मात्र माझी आजी सांगे, की संविधान आल्यानंतरच्या काळातही तंबूत शिरल्यावर महारवाड्यातल्या बाया आपण होऊन कनातीच्या कडेला बसत. त्यांना कोणी उठवले नाही, आणि मध्ये या असे कोणी म्हटलेही नाही. अंधाराने जात पुसली नाही, ती झाकली. कलम दार उघडते. दारातून आत गेल्यावर मधोमध बसण्याचे धैर्य चळवळ देते. जलशांनी ते दिले, १९५६ च्या धर्मांतराने ते दिले. सिनेमाने एकट्याने दिले, असे म्हणणे हा इतिहासाचा विपर्यास होय.

२०१३ मध्ये नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त जब्याने भिरकावलेला दगड सरळ प्रेक्षकाच्या दिशेने आला. रोझीच्या पडद्यावर आलेला दगड आणि हा दगड यांच्यामध्ये सुमारे आठ दशकांचे अंतर आहे. तेव्हा प्रेक्षागृहातून पडद्याकडे दगड गेला, आता पडद्यातून प्रेक्षागृहाकडे आला. दिशा बदलली, याचा अर्थ यंत्र कोणाच्या हाती आहे ते बदलले. माझ्या दृष्टीने देशी चित्रपटाच्या इतिहासातली ही तारीख १९१३ इतकीच महत्त्वाची आहे.

तेव्हा फाळके खोटे आणि ल्युमिएर लुच्चे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. तो आळशी निष्कर्ष होईल. मागणी एवढीच आहे, की इतिहास पूर्ण लिहा. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत तंबू सिनेमाचे रीळ फिरवणारे, जनरेटर ओढणारे, कनाती ठोकणारे, बैलगाडीवर भोंगा लावून गावोगाव पुकारा करणारे हात कोणाचे होते? त्यातले काही वृद्ध अजून हयात आहेत. त्यांच्या घरी जाऊन बसावे, त्यांचे बोलणे उतरवून घ्यावे, तंबूत कोण कुठे बसे याचे नकाशे काढावेत, हे काम आमच्या महाविद्यालयांतले विद्यार्थी एका सुट्टीत सुरू करू शकतात. त्याला अनुदान लागत नाही, वही लागते. उशीर केला तर ही माणसे जातील, आणि पहिल्या खेळाचा इतिहास पुन्हा एकदा फक्त मालकांच्या नावांनी लिहिला जाईल.